वैऱ्याची हमी

मुंजाजी आणि सोमेश्वर या चुलतभावांचं बांधावरून वैर होतं, पण भांडायचे दिवसाढवळ्या, काठ्या घेऊन, गावादेखत. यंदा सोमेश्वरचा कुत्रा मुंजाजीला चावला, तेव्हा त्यानं कणकेत फवारणीचं औषध मळून गोळे गुपचूप बांधावर टाकले. सकाळी कुत्रा ठणठणीत होता. मेली ती भामाबाईची दुभती शेळी. पारावर जमलेल्यांनी मुंजाजीकडंच पाहिलं, तशी सोमेश्वरनं टोपी काढून कपाळावरची टाक्यांची खूण दाखवली. “हे डोकं यानंच फोडलं, पर समोरून, हाक मारून. आमचं युद्ध हाय, आतंकवाद न्हाई. असलं काम मुंजाजी करनार न्हाई.” वैऱ्यानंच हमी घेतल्यावर भामाबाईलाही पटलं. “तुझी शेळी व्यालीय नव्हं? हेबी तिलाच लाव बाबा,” म्हणत तिनं पोरकं करडू मुंजाजीच्या मांडीवर ठेवलं. ते त्याची बोटं चोखू लागलं. मुंजाजीनं हात मागं ओढला. सकाळपासून कितीदा धुतला होता.