मागचं डावं चाक

"अजून एकदा," लोरी म्हणाला आणि त्याने हातोडा उचलला.

ब्रेकच्या ड्रमच्या कडेवर त्याने चार फटके मारले. गंजाचा भुगा जमिनीवर पडला. मॉरिस मोटारीचं मागचं डावं चाक उतरवून भिंतीला टेकवलं होतं. लोरीने उघड्या ड्रमला दोन्ही हातांनी धरून जोर लावला. ड्रम ढिम्म हलला नाही.

"किती वाजले?"

"सव्वाबारा," आर्थर म्हणाला. "तीनला इथून निघालो नाही, तर बोट गेलीच म्हणून समज."

आर्थर अ‍ॅबरडीनहून आईला, ऑस्लाला, न्यायला आला होता. तिथल्या वृद्धाश्रमात दोन वर्षं रांगेत थांबल्यावर खोली मिळाली होती. उद्या दुपारपर्यंत ऑस्ला पोचली नाही, तर खोली पुढच्या माणसाची. खाली रस्त्यावर आर्थरची भाड्याची मोटार उभी होती, पण तिच्यात बसायला म्हातारी तयार नव्हती. तिने पत्रातच अट घातली होती. शेटलंडचं बेट सोडीन तर टॅमीच्या मॉरिसमधून, नाहीतर नाही.

टॅमी म्हणजे तिचा नवरा. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून मॉरिस या शेडमध्ये खाऱ्या वाऱ्यात उभी होती, तीही हँडब्रेक ओढून.

"अकरा वर्षं हँडब्रेक ओढून ठेवतं का कोणी?" आर्थर करवादला.

"मी ओढला," दारातून आवाज आला. ऑस्ला चर्चला जायचा कोट घालून, टोपी लावून, पिशवी हातात धरून उभी होती. "उतार बघ जरा. गाडी समुद्रात गेली असती, तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"मावशी, कोट काढून बसा," लोरी म्हणाला. "वेळ लागेल."

"मी तयार आहे. खोळंबा तुमच्या बाजूने आहे, माझ्या नाही."

बाकीची तीन चाकं दहापर्यंत सुटली होती. हेच एक अडून बसलं होतं. लोरीने चाळीस वर्षं बोटींची इंजिनं आणि बेटावरच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या. हात अजून बसलेला होता. शेडसमोरच्या वाटेवर आता दोनच धुराड्यांतून धूर निघे. एक ऑस्लाचं, एक त्याचं. आज जमलं नाही तर पुन्हा संधी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने ड्रमच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घातला, आतला गंज खरवडल्यासारखा जरा फिरवला आणि बाहेर काढला. "बघ, तू लावून बघ जोर."

आर्थरने जोर लावला. चेहरा लाल झाला. "दगड आहे नुसता!"

मग तेल झालं. जाळ झाला. पुन्हा हातोडा झाला. आर्थर अंगणात जाऊन फोन करून आला. "गाडी उचलून नेणारा ट्रकवाला सोमवारी येतो म्हणतो. सोमवारी आल्यावर मी काय करू, आरती ओवाळू त्याची?"

लोरीने कपाळावरचा घाम बाहीने पुसला. "किती वाजले?"

"दीड. आपण तशीच ओढत नेली तर? घासू दे चाक."

"लेरविकच्या बंदरापर्यंत? टायर फाटेल, मग ड्रम घासेल, मग तुझी आई रस्त्यात बसेल."

"मग ड्रम काप. कापून काढ."

लोरीचा हात थांबला.

"कापतो," तो म्हणाला. "पण मग मागे ब्रेक राहणार नाही. बंदरावरचा उतार तुला माहीत आहे. आईला बसवशील अशा गाडीत?"

आर्थरने शिवी गिळली आणि तो पुन्हा फोन घेऊन बाहेर गेला.

शेडमध्ये दोघंच उरली. ऑस्ला पुढे आली. "सुटेल का रे?"

"सांगता येत नाही, मावशी."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "खिडकीतली फुलझाडं तुझ्याकडे ठेवायची म्हणत होते. तू पाणी घालायला विसरशील."

"विसरेन," लोरी म्हणाला आणि पुन्हा ड्रमवर वाकला.

पावणेतीनला आर्थर स्वतः चांगल्या पँटसकट गुडघ्यांवर बसला. ड्रमला पहार लावून तो लोंबकळला. पहार निसटली आणि त्याच्या बोटांची सालटी निघाली. आईने रुमाल बांधला.

"आई, चल ना गं. भाड्याच्या गाडीतून चल. पाया पडतो तुझ्या."

"अट ती अट, आर्थर."

तो भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलला. "नाही, येत नाहीत... हो. द्या दुसऱ्या कोणाला." मग त्याने फोन खिशात टाकला.

सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचं होतं. त्याने आईला मिठी मारली. जाता जाता त्याने लोरीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा काही दोष नाही. जीव तोडून केलंस, मी पाहिलंय."

लोरीने मान वर केली नाही.

भाड्याची मोटार वळणापलीकडे दिसेनाशी झाली. आवाजही विरला. ऑस्लाने टोपी काढून मॉरिसच्या टपावर ठेवली आणि ती दमून लाकडी खोक्यावर बसली.

लोरीने स्क्रूड्रायव्हर घेतला, ड्रमच्या भोकात घातला आणि आतला ब्रेक आवळायचा स्क्रू उलटा फिरवला. टक, टक, टक. मग एका बोटाने ड्रमला ढकललं. ड्रम फिरायला लागला. आवाज न करता, कितीतरी वेळ फिरतच राहिला.

ड्रम थांबेपर्यंत ऑस्ला त्याच्याकडे बघत होती.

"हे कधी सुटलं?"

"हेच तर सगळ्यांत आधी सुटलं, मावशी."