सावली टेकडीवर जाते

अकराचा भोंगा झाला तशी कडुनिंबाच्या झाडाखालची चाकं करकरली आणि ते टेकडीकडं निघालं. देवयानी कॉलेजच्या भूगोलाच्या प्रकल्पासाठी भट्टीवाडीतली सावली मोजत होती. वस्तीनं झाडांना पाणी घालायचं आणि दुपारची सावली टेकडीवरच्या सोसायट्यांनी घ्यायची, हे तिला माहीत होतं. पण निघालेल्या झाडाच्या फांदीला झोळी होती, आणि झोळीत बाळ!

"वनिताताई, पोरगं चाललं तुमचं!" ती धावत जाऊन झाडासमोर आडवी उभी राहिली. माणूस दिसलं की झाड थांबतं, तसं ते थांबलं.

वनितानं तिला दंडाला धरून खेचलं. "हो बाजूला! उशीर झाला तर सोसायटीवाले गेट लावतात."

"डोकं फिरलंय का तुमचं? कोणी उचलून नेईल त्याला!"

"नेऊ दे. जिवंत तर राहील." झाड पुढं सरकलं. वनिता तापलेल्या पत्र्याच्या खोलीकडं बघत म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात थोरलीला घरातच ठेवलं होतं मी. भर दुपारी गेली."

देवयानी रस्त्यातच उभी राहिली. मागून दुसरं झाड येऊन तिच्यापाशी थांबलं. त्यालाही झोळी होती.

ती झटकन बाजूला झाली.