सयाजीरावांची ओळख

सोमवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला आणि पहिला हार तानाबाईनं घातला. शाहूपुरीच्या त्या कोपऱ्यावर ती वीस वर्षं फुलं विकते. झेंडू कुठं आणि निशिगंध कुठं, हे तिला विचारावं लागत नाही. इथं निशिगंध लागला.

फ्लेक्सवर एका म्हाताऱ्याचा चेहरा. पांढऱ्या मिश्या, तिरका फेटा, ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. खाली एवढंच : 'सयाजीराव. तुमच्यावाचून हा चौक अपुरा आहे.' ना आडनाव, ना तारीख, ना तळाला शोकाकुल मंडळींच्या फोटोंची रांग.

"शोकाकुल कोण न्हाईतच व्हय रं?" चहाच्या गाड्यावरनं बाळासोनं विचारलं.

शिडीवरचा पोरगा खाली उतरला. हा प्रसेनजीत. मुरगूडचा, कॉलेजात आधुनिक साहित्य आणि ग्राफिक डिझाइन असे दोन विषय घेऊन शेवटच्या वर्षाला. गेला महिनाभर बाळासोकडंच चहा प्यायचा आणि मोबाईलवर चौकाचे फोटो काढत बसायचा.

"मी एकटाच हाय," तो म्हणाला.

"आणि जन्मतारीख?"

"ती न्हाई सापडली."

बाळासोला गलबलून आलं. त्यानं न मागता चहा पुढं केला.

तेवढ्यात पोराचा फोन वाजला. मुरगूडहून वडील. आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता. "बुधवारी पाचच्या आत जमा करायचं हाय न्हवं? गेल्या साली बोंबललास. औंदा नापास झालास तर दुधाच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढायचं. मी सांगून ठेवलंय!"

"चाललंय पप्पा काम," प्रसेनजीत म्हणाला आणि फ्लेक्सखालच्या कट्ट्यावर जाऊन बसला. हातात ना वही, ना पुस्तक.

दहाच्या सुमाराला गणपतराव आले. एसटीत कंडक्टर होते. अर्धा जिल्हा त्यांनी तिकिटं फाडून ओळखीचा केलेला. चौकात कुणी वारला आणि तो गणपतरावांना ठाऊक नव्हता, असं आजवर घडलेलं नव्हतं.

त्यांनी टोपी काढली. दोन मिनिटं फ्लेक्सकडं बघत उभे राहिले. मग त्यांना कंठ फुटला.

"सयाजी! लेका, न सांगताच गेलास!"

"वळखत व्हता?" बाळासोनं विचारलं.

"वळखत? लंगोटीयार! पंचगंगेच्या पुरात दोघांनी संगं उडी टाकल्याली. मी बाहेर आलो, ह्यो पैलतीराला जाऊन भाकरी खाऊन परत आला!"

आता बाळासो मागं कसा राहील? गाडा टाकला त्या दिवशी पहिला कप सयाजीरावांनीच घेतला होता, हे त्याला स्वच्छ आठवलं. तानाबाई म्हणाली, "नाक बघा की, आमच्या थोरल्या दिरांचं जणू." बाळासो म्हणाला, "कान म्हटलं तर माझं." गणपतरावांनी निकाल दिला, "मोठी माणसं थोडी थोडी समद्यांसारखी दिसत्यात."

प्रसेनजीत मान खाली घालून ऐकत होता. पोराचे खांदे हलत होते. तानाबाईनं जवळ जाऊन पाठीवरनं हात फिरवला.

मंगळवारी माणसं वाढली. तानाबाई आणि बाळासो यांच्यात गाड्याच्या जागेवरनं तीन वर्षं बोलणं नव्हतं. काल जे काय बोलले, तेही फ्लेक्सकडं बघून. गणपतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "सयाजीला भांडण खपायचं न्हाय." ते खोडून काढणार कोण? तानाबाईनं बाळासोकडं चहा मागितला. त्यानं वेलची टाकली.

मग कुणाला तरी आठवलं, की सयाजीराव तहानलेल्या माणसाला पाणी पाजल्याशिवाय पुढं जात नसत. उन्हाळा तर मी म्हणत होता. बुधवारी दुपारी फ्लेक्सखाली तीन माठ मांडले गेले. वर खडूनं पाटी : 'सयाजीराव पाणपोई.' रिक्षावाले थांबायचे, पाणी प्यायचे, फोटोला हात जोडायचे.

साडेचारला स्कूटरवरनं संयोगिता मॅडम उतरल्या. पोराला दोन्ही विषय शिकवणाऱ्या त्याच.

"प्रसेनजीत, जमा करायला अर्धा तास राहिलाय."

पोरगा उठला.

गणपतराव आडवे आले. "मॅडम, पोराच्या घरात असं झालंय आणि तुमी कागद मागताय? तीन दिवस ह्या कट्ट्यावरनं हाललं न्हाय लेकरू!"

"तुम्ही सयाजीरावांना ओळखत होता?"

"आता काय सांगू! साठ वर्सं!"

"मग तेवढं लिहून द्या. अजून दोघांनी दिलं, तर मला त्याला पास करता येईल."

"दोघं काय, अख्खा चौक देतो की!"

मॅडमनी पर्समधून कागद काढला. वरचा भाग घडी घालून मागं दुमडलेला. गणपतरावांनी मांडीवर ठेवून लिहिलं : 'लंगोटीयार, साठ वर्षे.' खाली झोकदार सही. बाळासोनं लिहिलं : 'माझे पहिले गिऱ्हाईक.' तानाबाईनं सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं : 'देवमाणूस.'

मॅडमनी तिन्ही सह्या पाहिल्या, घड्याळ पाहिलं आणि तिथंच लाल पेनानं शेरा मारला : प्रथम श्रेणी. प्रसेनजीतनं मुरगूडला फोन लावला.

"वर काय लिवलंय, ते तर बघू की," म्हणत गणपतरावांनी कागद घेतला, चष्मा चढवला, घडी उलगडली आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशा कंडक्टरी आवाजात वाचायला घेतलं :

"अंतिम प्रकल्प. आधुनिक साहित्य : कधीच नसलेला एक माणूस निर्माण करा. ग्राफिक डिझाइन : त्याला चेहरा द्या. उत्तीर्ण होण्यासाठी, त्याला ओळखणाऱ्या किमान तिघांच्या सह्या आवश्यक."