मोकळ्या हातानं

शालनचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. शेजारच्या चटईवर बसलेल्या रंभाबाई हे रोज बघायच्या. आज त्यांना राहवलं नाही.

"काय पुटपुटतीस गं एवढं?"

शालननं डोळे उघडले. "प्रार्थना करतीय, मावशी."

"मंतर हाय का त्यो?"

"नाही. नुसतं बोलते. येशूशी."

सोलापुरातल्या त्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेरचा व्हरांडा नातेवाइकांच्या चटयांनी भरलेला असायचा. शालन अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात टॉवेलचे काठ शिवायची. तिचा तरुण मुलगा शमुवेल आत होता. ताप मेंदूत गेला होता आणि तो शुद्धीवर येत नव्हता. रंभाबाई करमाळ्याकडच्या. त्यांच्या नवऱ्याला, मानसिंगला, नाग चावला होता. तोही आधी इथंच आत होता, पण वाचला. आता खालच्या वॉर्डात बसून दवाखान्याच्या चहाला नावं ठेवत होता. उद्या ते दोघं गावी जाणार होते. तरी रंभाबाई जिना चढून शालनजवळ येऊन बसल्या होत्या.

"नवस बोललीस का न्हाय?"

"आमच्यात नवस नसतो."

"मग त्याला देणार काय?"

"काय देऊ? सगळं त्याचंच हाय."

"मोकळ्या हातानं मागतीस?" रंभाबाईंना हे भलतंच वाटलं. त्यांनी स्वतः कमळाभवानीला साडीचोळी कबूल केली होती. "आन रोज तेच?"

"रोज तेच."

"आन त्यानं अजून ऐकलं न्हाय."

रंभाबाईंना टोचून बोलायचं नव्हतं. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. शालन त्यांच्याकडे वळली.

"शमू लहान असताना पहाटे पाणी मागायचा. मी दमलेली असायची, लगेच उठायची नाही. पण तो हाका मारतच राहायचा. आई घरात हाय, हे त्याला ठाऊक होतं की. घर रिकामं असतं तर कुणाला हाक मारली असती?"

"मंजी तुजा देव दमलाय?"

"ते मला नाही सांगता येत, मावशी. घरात हाय, एवढं ठाऊक हाय."

दार उघडलं. "शमुवेलचं कोण आहे?" नर्सनं विचारलं. शालन चप्पल काढून आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा भिंतीला हात लावत लावत आली. चटईवर बसली. रंभाबाईंनी बाटली पुढे केली, ती तिनं घेतली नाही.

"किडनी काम करेना म्हणाले. मशीन लावणार हायत." मग हळूच म्हणाली, "तयारी ठेवा म्हणाले."

"कशाची?"

विचारताच रंभाबाईंना उमगलं. दोघी समोरच्या दाराकडे बघत बसल्या. शालनचे हात मांडीवर नुसते पडले होते. ओठ हलत नव्हते.

"सांग की त्याला," रंभाबाई म्हणाल्या. "आत्ताच तर सांगायची येळ हाय."

"शब्दच येईनात, मावशी."

रंभाबाई अस्वस्थ झाल्या. त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा शालनकडे.

"मी बोलू का?"

"तुमी?"

"त्याला चालंल का? मी बाहेरची."

"चालंल."

"हात जोडू का तुज्यावानी मांडीवर ठिवू?"

"कसंबी."

रंभाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि डोळे घट्ट मिटले. मग बांधावरून पलीकडच्या शेतातल्या माणसाशी बोलावं तशा मोठ्यानं बोलू लागल्या. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"येशूबाबा, मी रंभा. करमाळ्याची. आपली वळख न्हाय. मी देवीची हाय, लपवत न्हाय तुज्यापास्नं. पर ही शालन तुजीच हाय, रोज तुला सांगतीया. आज तिच्याच्यानं बोलवंना, म्हणून मी बोलतीय. तिच्या पोराला उठीव. शमू त्याचं नाव. आत गेलं की खिडकीजवळच्या खाटंवर हाय."

शालनला हुंदका फुटला. इतक्या दिवसांत ती कुणासमोर रडली नव्हती.

रंभाबाईंनी एक डोळा उघडला. "शेवटाला काय म्हणता गं तुमी?"

"आमेन."

"ते म्हणलं की संपलं?"

"व्हय."

"मग एवढ्यात नको," रंभाबाई म्हणाल्या, आणि पदर सारखा करून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.