एकोणिसावं स्थळ

सदतिशीतला बजरंग देवणीहून शिरूर अनंतपाळला मुलगी बघायला एकटाच गेला. सोबत यायला घरात दुसरं कुणी नव्हतंच. हे त्याचं एकोणिसावं स्थळ.

पोहे झाले. तनुजानं विचारलं, "नोकरी?" तो म्हणाला, "न्हाई, शेती हाय." कार्यक्रम चार मिनिटांत आटोपला. पुढचे दोन तास तिचे आजोबा किशनराव आपल्या मेलेल्या बैलाबद्दल बोलत राहिले. घरात तो बैल सगळ्यांना पाठ होता, म्हणून एकेक जण उठून आत गेला. बजरंग हलला नाही.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांचा, दयानंदरावांचा फोन आला. "पाहुणे, राग मानू नका. पत्रिका जुळंना."

"तनुजाची ना? मग आजोबांची बघा की."

"कुणाची?"

"आजोबांची. बैल पोळ्यापर्यंत आला होता, पुढचं ऐकायचं राहिलंय. ह्या टायमाला मी नकार घेणार न्हाई, सांगून ठेवतो."

दयानंदरावांचा फोन स्पीकरवर होता. मागून आधी खोकला आला, मग आवाज.

"दया, उगं लांबवू नको. मला पोरगा पसंत हाय म्हणून सांग."