मंजूर पद एक

तपासनीस साहेब जिना चढताहेत, असं शिंपीणबाईंनी खिडकीतून पाहून सांगितलं आणि ताईने हातातली फाईल घाईने ढिगावर ठेवली.

मानसिक आरोग्य केंद्राच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती, इतके कागद. माणसाशी अर्धा तास बोललं की तीन फॉर्म, एक तक्ता आणि त्या तक्त्याची प्रत, असा वरचा नियम. समुपदेशक मात्र ताई एकटी. समोरचा माणूस रडत असताना फॉर्म पुढे ओढायला तिचा हात धजत नसे. मग फॉर्म राहून जात, साठत जात. शेवटी वरून तंबी आली. कागदपत्रं अपुरी दिसली तर केंद्र बंद.

तेव्हा ताईने चौघांना हाक मारली आणि चौघं धावून आले. नावं असलेली पानं ती कुणाच्या दृष्टीस पडू देत नव्हती, ती स्वतःच भरायची. बाकीची हमाली चौघांची. बस चालवणारे काका दातओठ खाऊन शिक्के मारायचे. शिंपीणबाईंनी टाचलेलं पान निसटेल तर शपथ. कॉलेजातली पोर तक्त्यांच्या बेरजा करायची आणि निवृत्त मास्तर त्यात चुका शोधायचे. चूक सापडली नाही की तेच हिरमुसायचे. त्यांची थट्टामस्करी ऐकून ताईचा ऊर अभिमानाने भरून यायचा. काहीतरी निमित्त काढून ती आतल्या खोलीत जायची आणि डोळे पुसून यायची.

साहेबांनी फायलींवर फायली उलटल्या. खोट काढायचीच म्हणून पाहिलं, पण सापडली नाही.

“कागद चोख आहेत,” ते म्हणाले. ताईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांची नजर चौघांवर गेली.

“मंजूर पद एक. मग ही माणसं कोण?”

“मदतीला आलीत, साहेब.”

“परवानगीशिवाय? अहो, रुग्णांच्या फायली आहेत या! इथे बाहेरची माणसं बसवलीत? मॅडम, हे मला लिहावं लागेल. आणि लिहिलं की केंद्राचं काही खरं नाही.”

ताईला उत्तर ठाऊक होतं. एका वाक्यात सगळं निभावलं असतं. पण ते वाक्य बोलायचा हक्क तिचा नव्हता. या दारातून आत आलेल्या प्रत्येकाला तिने तसा शब्द दिला होता.

“लिहा,” ती म्हणाली. तिने मान खाली घातली नाही.

साहेबांनी पेन काढलं. तशी एक खुर्ची करकरली आणि काका उठले.

“काका, तुम्ही बसा,” ताई घाईघाईने म्हणाली. “तुमची नोकरी...”

काका बसले नाहीत. बोटांची शाई त्यांनी पँटला पुसली.

“मी बाहेरचा नाही, साहेब. मी ताईंचा पेशंट आहे.”

मग शिंपीणबाई उभ्या राहिल्या. “मीपण.”

“आणि मी,” पोर म्हणाली.

मास्तरांनी नुसता हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा, ताठ.