दोन्ही टोकांची चिठ्ठी

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या वडिलांनी लेकीच्या नव्या घरातल्या इंटरनेटच्या तारा हट्टाने स्वतःच भिंतींतून ओढल्या होत्या. "दोन्ही टोकांना चिठ्ठी नसलेली तार म्हणजे बेवारस पोर," हे त्यांचे चाळीस वर्षांचे ब्रीद. "बाबांचा विसराळूपणा वाढलाय, डॉक्टरांना दाखवू या," तिचा नवरा म्हणाला तेव्हा तिने त्याला फटकारले होते. आता गिलाव्यावरचा रंगही वाळला होता. वडील वरच्या झोपण्याच्या खोलीत तारेपाशी थांबले. सगळ्या तारांची दुसरी टोके जिन्याखालच्या कपाटात येत होती; तिथे ती, योग्य तार जोडली की दिवा लागणारा टेस्टर घेऊन बसली. पहिल्या तारेच्या चिठ्ठीवर त्यांच्या वळणदार अक्षरात 'स्वयंपाकघर' होते. दुसरीवरही तेच. नऊच्या नऊ चिठ्ठ्यांवर तेच. "दिवा लागला का गं?" वरून हाक आली. टेस्टर कुठल्या तारेला जोडावा, तिला कळेना. "लागला, बाबा." "म्हटलं नव्हतं, हात अजून शाबूत आहे?" ते समाधानाने म्हणाले. "चला, स्वयंपाकघर झालं."